रिपोर्ट नॉर्मल, पण माणूस अजून बरा नाही

गंभीर जंतुसंसर्गातून, विशेषतः सेप्सिसमधून, वाचून घरी आलेल्या रुग्णांविषयीचे प्रश्न या अंकासाठी मागवले होते. बहुतेक पत्रं घरी आल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या अडचणींविषयी आहेत आणि ते साहजिक आहे. २०१८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार सेप्सिसमधून वाचलेल्या सुमारे ४० टक्के रुग्णांना ९० दिवसांच्या आत पुन्हा दाखल व्हावं लागतं. त्यातली बरीच कारणं वेळीच लक्ष गेलं तर दाखल न होताही हाताळता येतात. म्हणून काही उत्तरं सविस्तर दिली आहेत. औषधांचे निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचे. त्यांना नेमकं काय विचारायचं, ते इथे वाचा.

प्रश्न: वडिलांचं वय ६४. न्यूमोनियातून सेप्सिस झाला, बारा दिवस आयसीयूत होते. घरी येऊन तीन आठवडे झाले. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी आंघोळ केली की तासभर झोपून राहतात आणि खुर्चीतून उठताना आधार लागतो. उपचारांत काही राहून गेलंय का?

बहुधा काही राहिलेलं नाही. सेप्सिसमध्ये जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारयंत्रणा बेताल होते आणि स्वतःच्याच अवयवांना इजा करते. जंतू गेले, सूज उतरली, रक्ताचे आकडे जागेवर आले, तरी झालेली इजा भरून यायला वेळ लागतो. सगळ्यात मोठा फटका स्नायूंना बसतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचा आकार दहा दिवसांत सरासरी १८ टक्क्यांनी घटलेला दिसला. ज्यांचे अनेक अवयव एकाच वेळी बिघडले होते, त्यांच्यात ही घट आणखी जास्त होती. काहींच्या नसांनाही इजा होते. त्यामुळे तीन आठवड्यांत आधाराशिवाय उठता न येणं हे अपेक्षेबाहेरचं नाही. ताकद परत यायला कित्येक महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक.

तरीही ‘आजारपणाचा अशक्तपणा’ म्हणून सगळं सोडून देऊ नका. थकव्यामागे उपचार करता येण्याजोगी कारणं असू शकतात: कमी झालेलं हिमोग्लोबिन, थायरॉइड, हृदयाची कमी झालेली क्षमता, उभं राहिल्यावर पडणारा रक्तदाब, नैराश्य किंवा गुंगी आणणारं औषध. आठवड्यागणिक थोडीतरी सुधारणा दिसायला हवी. दोन आठवडे काहीच फरक नसेल किंवा उलट घसरण होत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

घरी करायचा सर्वात उपयोगी व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं आणि बसणं. हात असलेली, गुडघ्याच्या उंचीची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेपर्यंत सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, पुढे वाकून नाक पायाच्या बोटांच्या वर आणायचं आणि श्वास सोडत उठायचं. उभं राहून दोन श्वास घ्यायचे, मग सावकाश, धपकन न पडता, खाली बसायचं. हे हळू बसणंच स्नायूला जास्त काम देतं. सुरुवातीला हातांच्या आधाराने पाच वेळा, दिवसातून दोनदा. सलग तीन दिवस हे सहज जमलं की एकेक वाढवत दहापर्यंत न्या, आणि मग हातांचा आधार कमी करा. दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे खोल सोफ्यावर बसणं: तिथून उठायला दुप्पट जोर लागतो आणि रुग्णाची उमेद खचते. दुसरी म्हणजे उठताना वॉकर ओढणं: वॉकर अंगावर येतो. हाताने दाब खुर्चीच्या हातांवर द्यायचा, वॉकर उभं राहिल्यावर धरायचा.

चालणं एका वेळी तीन ते पाच मिनिटांचं, दिवसातून तीनदा. दोन-तीन दिवसांनी एक मिनिट वाढवा. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादेखाली ऑक्सिजन गेला तर थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. सर्वात महत्त्वाची कसोटी दुसऱ्या दिवशीची. आदल्या दिवशीच्या श्रमानंतर रुग्ण नेहमीपेक्षा जास्त गळून गेला असेल, तर तेवढं काम त्याला झेपलेलं नाही. मात्रा अर्ध्यावर आणा आणि तिथून पुन्हा चढवा. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून राहिलेलं सगळं त्याच दिवशी उरकायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, हा प्रकार आम्हाला फार दिसतो. त्याने सुधारणा लांबते.

आंघोळीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण हे काम दिसतं त्यापेक्षा बरंच जड असतं. उभं राहणं, हात डोक्यावर नेणं, वाकून पाय घासणं आणि गरम पाणी, हे सगळं एकदम येतं. गरम पाण्याने रक्तवाहिन्या फुलतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पाणी कोमट ठेवा. न घसरणाऱ्या स्टुलावर बसून आंघोळ करू द्या. लांब दांड्याचा ब्रश असला तर वाकावं लागत नाही. अंग पुसत बसण्यापेक्षा मोठा टॉवेल गुंडाळून बाहेर येऊन बसायचं, पाणी आपोआप टिपलं जातं. आंघोळ जेवणानंतर लगेच नको, व्यायामानंतर लगेचही नको. दाराला आतून कडी नको. डोक्यावरून आंघोळ आठवड्यातून दोनदा केली तरी चालते, बाकीचे दिवस अंग पुसून घ्या.

प्रश्न: सासूबाईंना डिस्चार्ज देताना चौदा औषधं लिहून दिली. त्यांची बीपी आणि शुगरची जुनी औषधं घरी पडून आहेत. ती पुन्हा सुरू करायची का? कार्डवर काहीच स्पष्ट नाही.

हा गोंधळ फार घरांत होतो, आणि पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं ते एक टाळता येण्यासारखं कारण आहे. एका कागदावर तीन रकाने करा: दाखल होण्यापूर्वीची औषधं, डिस्चार्ज कार्डावरची औषधं, आणि सध्या प्रत्यक्ष पोटात जाणारी औषधं. पाकिटावरचं ब्रँडचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव, दोन्ही उतरवा. एकच औषध दोन ब्रँडच्या नावांनी दुप्पट घेतलं जातं, ते इथेच सापडतं. मग प्रत्येक औषधासमोर डॉक्टरांकडून दोन गोष्टी लिहून घ्या: कशासाठी आणि कधीपर्यंत.

काही गटांवर विशेष लक्ष हवं.

आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून आम्ल कमी करणारी गोळी देतात. धोका टळल्यावर बहुतेकांना तिची गरज उरत नाही, पण ती कार्डावर राहून जाते. ‘ही अजून लागते का?’ असं थेट विचारा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा पूर्वी अल्सर झाला असेल, तर ती चालू ठेवण्यामागे कारण असू शकतं.

भ्रम झालेल्या रुग्णांना शांत ठेवण्यासाठी दिलेली क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉलसारखी औषधं आणि झोपेच्या गोळ्या घरी तशाच चालू राहिल्या की दिवसभर गुंगी येते, तोल जातो आणि माणूस पडतो. ती स्वतःहून एकदम तोडू नका, कमी कशी करायची ते विचारा.

रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी औषधं रुग्णालयात अनेकदा बंद केलेली असतात, कारण सेप्सिसमध्ये रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. आजारपणात वजन पाच-सात किलो उतरलं असेल, तर जुना डोस आता भारी पडू शकतो. याच्या उलटही घडतं. हृदयाचं गरजेचं औषध ‘तात्पुरतं बंद’ केलं जातं आणि नंतर कुणाला त्याची आठवण राहत नाही. निर्णयासाठी डॉक्टरांना आकडे लागतात. पाच मिनिटं आडवं राहून एकदा, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी, असा रक्तदाब तीन-चार दिवस नोंदवा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडत असेल, तर ते त्यांना आवर्जून सांगा.

शुगरचा प्रश्न जास्त तातडीचा आहे. संसर्गात साखर चढते, म्हणून इन्सुलिन सुरू करतात किंवा वाढवतात. संसर्ग ओसरतो तशी इन्सुलिनची गरज उतरते. डोस तोच राहिला तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाते, बहुधा पहाटे. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. पहिले दोन आठवडे उपाशीपोटी, जेवणापूर्वी आणि झोपण्यापूर्वी साखर तपासा. एकदा जरी ७० खाली गेली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

अंगदुखीसाठी घरातलं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका. सेप्सिसमध्ये मूत्रपिंडं दुखावलेली असतील, तर ही औषधं त्यांना पुन्हा दुखावतात. स्टेरॉइडची गोळी कित्येक आठवडे चालू असेल, तर ती अचानक थांबवायची नाही. अँटिबायोटिकची शेवटची तारीख लिहून घ्या. त्याआधी थांबवू नका, त्यानंतर लांबवू नका आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी जपून ठेवू नका. अँटिबायोटिकनंतर दिवसात तीन किंवा जास्त पातळ जुलाब होऊ लागले, अगदी कोर्स संपून महिना-दोन महिने झाले असले तरी, जुलाब थांबवणारी गोळी देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. तो आतड्यातला क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जंतूचा संसर्ग असू शकतो.

डिस्चार्ज कार्डावर काय असायला हवं, तेही पाहून घ्या. ‘सेप्सिस’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला हवा. संसर्ग कुठून सुरू झाला, कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) कोणता जंतू सापडला, कोणत्या अँटिबायोटिकला त्याने दाद दिली, घरी जाताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि वजन किती होतं, हेही हवं. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे अजून यायचे राहिलेले रिपोर्ट. क्षय आणि बुरशीच्या कल्चरला कित्येक आठवडे लागतात. तो रिपोर्ट कोण आणणार आणि कोणाला दाखवणार, हे घरी निघण्यापूर्वी ठरवा. घरी आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन एकदा पाहावं. मूत्रपिंडांना इजा झालेली असेल, तर तीन महिन्यांनी क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासून घ्यावं.

प्रश्न: पुन्हा ताप आला तर किती वाट पाहायची? प्रत्येक कणकण आली की आम्ही घाबरतो.

ही भीती अनाठायी नाही. सेप्सिस झालेल्याला पुढच्या काही महिन्यांत पुन्हा गंभीर संसर्ग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यावर सर्वात चांगला उपाय म्हणजे रुग्णाचे ‘बरे असतानाचे’ आकडे हाताशी असणं. घरी आल्यावर पहिला आठवडाभर रोज एका ठरावीक वेळी, पाच मिनिटं शांत बसल्यानंतर, ताप, नाडी, रक्तदाब, श्वासांची गती, ऑक्सिजन आणि वजन लिहून ठेवा. पुढे आठवड्यातून दोनदा पुरे. दिवसातून दहा वेळा ऑक्सिजन पाहत बसल्याने धास्तीच वाढते.

श्वास मोजताना रुग्णाला ‘श्वास मोजतोय’ असं सांगू नका, लक्ष गेलं की गती बदलते. मनगट धरून नाडी पाहत असल्यासारखं बसा आणि पूर्ण साठ सेकंद पोट किंवा छाती किती वेळा वर येते ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. बसल्याजागी १२ ते २० ठीक. २२ च्या वर गेलं तर सावध व्हायचं, २५ किंवा जास्त असेल तर वाट पाहायची नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने ऑक्सिजन मोजताना बोट गरम हवं, नखाला रंग नको आणि आकडा स्थिर झाल्यावरच वाचायचा. गडद त्वचेत हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून आकडा चांगला असूनही दम दिसत असेल तर दम खरा माना.

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर लगेच रुग्णवाहिका बोलवा किंवा तातडीच्या विभागात न्या: नवा गोंधळ किंवा अडखळतं बोलणं, जागं करूनही ग्लानी न जाणं, दात वाजतील अशी हुडहुडी, बसल्याजागी दम, दिवसभर लघवी न होणं, गार पडलेले हातपाय, काळपट-निळसर किंवा चट्टेदार त्वचा, ‘मी आता जगत नाही’ असं रुग्णाने स्वतः म्हणणं. गडद त्वचेत रंगातला बदल ओठ, जीभ, तळहात, तळपाय आणि नखांखाली पाहायचा. यातलं काही नसेल, पण ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ३६ च्या खाली गेलेलं तापमानही तितकंच वाईट. वयस्क माणसाला गंभीर संसर्गातही ताप येत नाही असं अनेकदा घडतं. त्यांच्यात अचानक न जेवणं, पडणं किंवा भलतंच बोलणं हाच पहिला इशारा असतो. पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजून वेळेसह लिहा, नाहीतर डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर ताप उतरलेला असतो.

तिथे पोचल्यावर पहिलंच वाक्य असं बोला: ‘यांना अमुक महिन्यात सेप्सिस झाला होता. आता पुन्हा सेप्सिस असू शकतो का?’ डिस्चार्ज कार्ड आणि कल्चरचा रिपोर्ट पुढे करा. मागच्या वेळी कोणतं अँटिबायोटिक लागू पडलं हे कळलं की योग्य औषध लवकर सुरू होऊ शकतं.

प्रश्न: पत्नीला रात्री भयंकर स्वप्नं पडतात. आयसीयूत कुणी तिला बांधून ठेवलं होतं आणि नर्स तिला मारणार होत्या, असं ती ठामपणे सांगते. शिवाय दोन ओळी वाचल्या की विसरते. हे मानसिक आजाराचं लक्षण आहे का?

आयसीयूतल्या गंभीर आजारात मेंदूवरही परिणाम होतो आणि भ्रमाची अवस्था येते. त्या अवस्थेतल्या ‘आठवणी’ खऱ्या आठवणींपेक्षाही ठसठशीत असतात. त्यामागे बहुधा खरी घटना असते. नळी ओढली जाऊ नये म्हणून हात बांधलेले असू शकतात, आणि कफ काढताना जीव गुदमरतोच. म्हणून ‘असं काही झालंच नव्हतं’ म्हणून वाद घालू नका, आणि तिच्या सांगण्याला दुजोराही देऊ नका. ‘तुला ते किती भयानक वाटलं असेल’ म्हणा आणि खरं काय घडलं ते तारखेनुसार सांगा: कोणत्या दिवशी नळी घातली, कधी काढली, कोण भेटायला आलं होतं. काही आयसीयूंमध्ये नर्स आणि नातेवाईक मिळून रुग्णासाठी रोजनिशी लिहितात. ती नसेल तर तुम्ही आता आठवून लिहा, फोनमधले फोटो आणि मेसेज पाहून तारखा जुळवा. मधले हरवलेले दिवस भरले की बऱ्याच रुग्णांचं मन निवतं. तिची इच्छा असेल तर तो विभाग एकदा जाऊन पाहण्याचाही काहींना उपयोग होतो. महिनाभर झोप उडालेली असेल, ती रुग्णालयाचं नाव काढलं तरी थरथरत असेल, तपासणीला जायचं टाळत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. जगण्याविषयीचं ते बोलणं ऐकलं तर त्याच दिवशी.

विसरण्याचं म्हणाल तर तेही सेप्सिसनंतर दिसतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या अभ्यासात मध्यम ते तीव्र बौद्धिक दौर्बल्याचं प्रमाण आजारापूर्वी ६.१ टक्के आणि नंतर १६.७ टक्के आढळलं. बऱ्याच जणांची स्थिती काही महिन्यांत सुधारते. एका वेळी एकच काम, टीव्ही बंद करून बोलणं, औषधांसाठी खणांची डबी आणि गजर, सकाळी ताजं असताना डोक्याचं काम, एवढ्यानेही फरक पडतो. वाचनाला एका परिच्छेदापासून सुरुवात करा आणि तो तिच्याच शब्दांत सांगायला लावा. पैशांचे व्यवहार आणि सह्या पहिले काही महिने कुणीतरी सोबत बसून कराव्यात.

प्रश्न: दोन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळू लागलेत. नखांवर आडव्या खाचाही पडल्यात.

मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात. आजाराच्या वेळी एकदम विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले केस आता पडत असतात. मुळं शाबूत असतात, म्हणून बहुतेकांचे केस सहा महिन्यांच्या आसपास भरू लागतात. लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. महागडी तेलं आणि गोळ्या नकोत. नखावरची खाच म्हणजे आजारात वाढ थांबल्याची खूण. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्या वेगाने खाच पुढे सरकून निघून जाईल.

प्रश्न: आजीला जेवण जात नाही. दोन घास खाल्ले की पोट भरतं म्हणते, पाणी पिताना ठसकाही लागतो. किती आणि कसं खायला द्यावं?

आधी ठसक्याकडे पाहा. घशातून व्हेंटिलेटरची नळी जाऊन आली असेल, तर गिळण्याचे स्नायू शिथिल झालेले असतात आणि पाण्यासारखा पातळ पदार्थ सर्वात आधी श्वासनलिकेत जातो. खाल्ल्यावर आवाज ओला, घोगरा होणं किंवा छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणं ही तीच खूण. काहींना ठसकाही लागत नाही, अन्न गुपचूप फुफ्फुसात जातं. गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या. तोवर ताठ बसवून, हनुवटी वर न करता, लहान चमच्याने द्या, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका आणि खाल्ल्यानंतर अर्धा तास बसवून ठेवा. दात आणि जीभ दिवसातून दोनदा स्वच्छ करा. तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुफ्फुसात जातात. नळी काढल्यानंतर काही आठवड्यांनी श्वास आत घेताना घर्रघर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर श्वासनलिका अरुंद झालेली असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

भुकेचं म्हणाल तर तीन मोठ्या जेवणांचा आग्रह सोडा आणि दर दोन-अडीच तासांनी थोडं द्या. स्नायू भरून यायला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलो वजन असेल तर ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २५० मिलिलिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे नुसत्या पातळ पेजेवर आणि सुपावर हे गाठणं शक्य नाही. खाण्यातला पहिला भाग प्रथिनांचा द्या, पोट भरायच्या आत तेवढं तरी जाईल. जेवणाआधी पोटभर पाणी देऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी. तीन दिवसांत दोन किलो वाढलं आणि पाय सुजले, तर ते मांस नसून साठलेलं पाणी आहे, लगेच कळवा.

प्रश्न: भावाला दंडातल्या लाईनमधून (शिरेत ठेवलेल्या बारीक नळीतून) घरी इंजेक्शनं चालू आहेत आणि लघवीची नळीही आहे. आम्ही घरच्यांनी काय सांभाळायचं?

लाईनला हात लावण्यापूर्वी साबणाने वीस सेकंद हात धुवायचे, हा पहिला नियम. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी बदलतात, ओलं झालं किंवा कड सुटली तर त्याच दिवशी, आणि तेही शिकलेल्या नर्सकडून. त्या हाताचा रक्तदाब मोजायचा नाही. लाईन धुताना दहा मिलिलिटरचीच सिरिंज वापरतात, कारण लहान सिरिंजने दाब जास्त येऊन नळी फाटू शकते. आणि हे ठळकपणे लक्षात ठेवा: लाईनमधून औषध दिल्यावर तासाभरात हुडहुडी भरली, तर लाईनमध्ये जंतू शिरले असण्याची शक्यता मोठी आहे. लाईन वापरणं थांबवा आणि सरळ रुग्णालयात जा, मग ती हुडहुडी दहा मिनिटांत थांबली तरी.

लघवीच्या नळीबद्दल प्रत्येक भेटीत एकच विचारा: ‘ही अजून कशासाठी ठेवली आहे?’ जितके दिवस नळी, तितका संसर्गाचा धोका. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकलेली. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा आणि तोटी भांड्याला लागू देऊ नका. नळीला पीळ पडलेला नाही ना, ते रात्री झोपताना पाहा. लघवी नुसती गढूळ दिसते म्हणून तपासणी आणि अँटिबायोटिक, या चक्रात पडू नका. नळी असलेल्यांच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप, ओटीपोटात किंवा कमरेत दुखणं किंवा नवा गोंधळ असेल तर मात्र थांबू नका.

प्रश्न: गेले दोन महिने मी एकटी आईचं सगळं बघतेय. आता मलाच झोप लागत नाही, तिच्यावर ओरडते आणि मग रडते. हे कुणाला सांगायचीही लाज वाटते.

लाज वाटण्यासारखं यात काहीच नाही. आयसीयूतून आलेल्या रुग्णाच्या जवळच्या माणसांमध्ये चिंता, नैराश्य आणि निद्रानाश इतके नेहमीचे आहेत की अतिदक्षता वैद्यकात कुटुंबियांच्या या त्रासाला स्वतंत्र नाव दिलेलं आहे. आईच्या पुढच्या तपासणीत तुमच्या झोपेबद्दलही डॉक्टरांना सांगा.

मदत मागताना ‘कुणीतरी या’ असं म्हटलं की कुणी येत नाही. काम, वार आणि वेळ ठरवून द्या: मंगळवार-शुक्रवार रात्री दहा ते सहा एकाने, औषधं आणणं दुसऱ्याने, डॉक्टरांना फोन आणि कागदपत्रं तिसऱ्याने. आकड्यांची वही एकच असावी आणि ती घरात सगळ्यांना सापडेल अशी ठेवावी, म्हणजे तुम्ही नसताना काम अडत नाही. आठवड्यातल्या निदान दोन रात्री तुमच्या सलग झोपेच्या असू द्या. आणि आईला जे जमतं ते तिलाच करू द्या, वेळ लागला तरी. बटणं लावायला तिला दहा मिनिटं लागली, तर तो तिचा व्यायाम आणि तुमची दहा मिनिटांची सुटी.

प्रश्न: कामावर कधी जाता येईल? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून लस आहे का?

कामाची तारीख कॅलेंडरवरून ठरवू नका. घरी सलग चार तास उठून-बसून, अर्धा तास चालून आणि तासभर लक्ष देऊन वाचून दुसऱ्या दिवशी गळून जायला होत नसेल, तर सुरुवात करायला हरकत नाही. तीही दिवसाआड, अर्ध्या वेळेची, आणि दर दोन आठवड्यांनी थोडी वाढवत. डॉक्टरांकडून तसं पत्र घ्या, त्यात तास स्पष्ट लिहून घ्या. गुंगीचं औषध चालू असेपर्यंत किंवा पायात झटकन ब्रेक दाबण्याची ताकद येईपर्यंत वाहन चालवू नका.

सेप्सिस अनेक जंतूंमुळे होतो, त्यामुळे त्याची अशी एक लस नाही. पण त्याच्याकडे नेणाऱ्या संसर्गांवर लसी आहेत. दरवर्षी फ्लूची, न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरची) आणि वय व आजारानुसार कोविडची लस कधी घ्यायची, ते पहिल्याच तपासणीत विचारा. घरातल्यांनीही फ्लूची लस घ्यावी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ते लस देणाऱ्याला आधी सांगा, कारण जिवंत जंतूंच्या लसी अशांना चालत नाहीत. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय आरशात पाहा. दातातला पू, न भरणारी जखम, लघवीची जळजळ या गोष्टी पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

प्लीहा (पोटातला, जंतूंशी लढायला मदत करणारा अवयव) काढलेली असेल, तर मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) या जंतूंवरच्या लसीही लागतात आणि अशा रुग्णांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. त्यांच्यात काही तासांत प्रकृती कोसळू शकते. आणीबाणीसाठी अँटिबायोटिकचा डोस घरी ठेवायचा का आणि तो कधी घ्यायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, ती चिठ्ठी पाकिटात ठेवा, आणि ताप आला की तो डोस घेऊन त्याच तासात रुग्णालयाकडे निघा.